घरगुती इंटरकॉम

घरगुती इंटरकॉम ही घरातील निरनिराळ्या खोल्यांमध्ये, तसेच घर आणि त्याचे प्रवेशद्वार यांच्यामध्ये संभाषण घडवून आणणारी अंतर्गत ध्वनिसंपर्क यंत्रणा आहे. मूळ स्वरूपात ती सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याच्या मदतीशिवाय, मर्यादित आवारात काम करते. दार न उघडता बाहेरील व्यक्तीशी बोलता येणे हा तिचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग होय. हीच सोय चोरी, आग किंवा वैद्यकीय अडचणीची सूचना देणाऱ्या उपकरणांना आणि दूरच्या देखरेख केंद्राला जोडलेली असल्यास तिला द्विमार्गी ध्वनी सुरक्षा यंत्रणा असे म्हणतात.

'इंटरकॉम' हा शब्द 'इंटरकम्युनिकेशन' या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. मराठीत तो तसाच रूढ आहे. भारतीय बाजारपेठेत दारावरच्या ध्वनियंत्रणेला 'डोअर फोन' आणि कॅमेरा व पडदा असलेल्या यंत्रणेला 'व्हिडिओ डोअर फोन' म्हणतात.

इतिहास

विजेवर चालणारी साधने येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, जहाजांवर आणि युरोपातील मोठ्या घरांमध्ये बोलनळ्या वापरल्या जात. नळीच्या एका टोकाला फुंकर मारली की दुसऱ्या टोकाला बसवलेली शिट्टी वाजे. मग शिट्टी काढून नळीतूनच संभाषण होई. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये दूरध्वनीचे एकस्व (पेटंट) मिळाल्यानंतर अंतर्गत संपर्कासाठीही तारांचा वापर सुरू झाला. अमेरिकेत १९५० च्या दशकात भिंतीत बसवलेले रेडिओ-इंटरकॉम मध्यमवर्गीय घरांत लोकप्रिय झाले. न्यूटोन ही या क्षेत्रातील परिचित कंपनी होती. स्वयंपाकघरातील मुख्य संचावरून इतर खोल्यांशी व दाराशी बोलता येई आणि एरवी त्यावर रेडिओ ऐकता येई.

इंटरकॉमला सुरक्षा यंत्रणेचे रूप देण्याच्या प्रयत्नांत मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन (१९२२–१९९९) यांचे काम महत्त्वाचे मानले जाते. त्या न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकी परिचारिका होत्या. त्यांच्या आणि पती अल्बर्ट ब्राउन यांच्या कामाच्या वेळा अनियमित असल्याने त्यांना अनेकदा घरी एकटे राहावे लागे. वस्तीत गुन्हे वाढले होते आणि मदतीसाठी बोलावलेले पोलीस पोहोचण्यास वेळ लागत असे. या दोघांनी १ ऑगस्ट १९६६ रोजी एकस्वासाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकी एकस्व क्रमांक ३४८२०३७ मिळाले.

त्यांच्या आराखड्यात दारावर वेगवेगळ्या उंचीचे चार झरोके होते. त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा असल्याने उंच व्यक्ती आणि लहान मूल अशा दोघांनाही पाहता येई. चित्र घरातील दूरचित्रवाणी संचावर दिसे. मायक्रोफोन आणि स्पीकर यांच्या साहाय्याने आगंतुकाशी बोलता येई. ओळख पटल्यास दूरनियंत्रणाने कडी उघडता येई आणि संशय आल्यास कळ दाबून इशारा देता येई. पाहणे, विचारणे, उघडणे आणि मदत मागणे या चारही क्रिया दारापासून दूर राहून करता येणे, हे या रचनेचे वैशिष्ट्य होते. नंतरच्या अनेक एकस्वांमध्ये तिचा उल्लेख आढळतो.

रचना व कार्यपद्धती

घरगुती इंटरकॉमचे सामान्यतः तीन भाग असतात: दाराबाहेरील संच, घरातील संच आणि वीजपुरवठा. बाहेरील संचात घंटेची कळ, मायक्रोफोन आणि स्पीकर असतो. काही यंत्रणांना चौथा भाग म्हणून विद्युत कुलूप जोडलेले असते.

जुन्या संचांमध्ये एकच स्पीकर ऐकवण्याचे आणि आवाज टिपण्याचे अशी दोन्ही कामे करी. स्पीकरच्या पडद्यावर ध्वनिलहरी आदळल्या की त्याच्या वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो, या तत्त्वाचा त्यात उपयोग केलेला असे. अशा संचावर एका वेळी एकाच बाजूला बोलता येते, म्हणून बोलताना कळ दाबून धरावी लागते आणि ऐकताना ती सोडावी लागते.

दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येण्यासाठी मायक्रोफोन आणि स्पीकर वेगळे ठेवावे लागतात. मात्र स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला तर तो फिरून वाढत जातो आणि कर्कश शिट्टी ऐकू येते. हा दोष टाळण्यासाठी आधुनिक संचांत प्रतिध्वनी वजा करणारे मंडल असते.

विद्युत कुलपांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. विद्युतचुंबकीय कुलूप प्रवाह असेपर्यंतच बंद राहते, त्यामुळे वीज गेल्यावर ते उघडते. प्रवाह दिल्यावरच उघडणारी विद्युत कडी वीज गेल्यावर बंदच राहते. पहिल्या प्रकारात आगीच्या वेळी बाहेर पडणे सुलभ होते, पण खंडित वीजपुरवठ्यात दार असुरक्षित राहते. म्हणून कुलपाची निवड आणि बॅटरीची सोय यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

प्रकार

तारयुक्त इंटरकॉम: यात ध्वनी आणि वीज तारांतून वाहते. आवाज स्थिर राहतो, परंतु बांधकामाच्या वेळीच तारा टाकणे सोयीचे असते.
बिनतारी इंटरकॉम: रेडिओलहरींवर चालतो. तो बसवणे सोपे असले तरी जाड भिंतींमुळे आणि इतर उपकरणांच्या लहरींमुळे आवाजात व्यत्यय येऊ शकतो.
ईपीएबीएक्स: अनेक सदनिकांना जोडणारे खासगी दूरध्वनी केंद्र.
व्हिडिओ डोअर फोन: ध्वनीसोबत चित्र दाखवणारी यंत्रणा.
इंटरनेट-आधारित घंटा: आगंतुकाने कळ दाबताच भ्रमणध्वनीवर सूचना देणारी यंत्रणा. घरमालक अन्यत्र असला तरी उत्तर देऊ शकतो.

वापर

बाहेरील संच साधारण दीड मीटर उंचीवर, पावसाची थेट झड लागणार नाही अशा ठिकाणी बसवला जातो. घरात लहान मुले किंवा चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असल्यास आतील संच त्याहून खाली बसवणे सोयीचे ठरते. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तींसाठी घंटेसोबत दिवा लुकलुकण्याची सोय करता येते.

यंत्रणा आवाज पोहोचवते, परंतु आगंतुक खरा की खोटा हे ठरवण्याचे काम घरातील व्यक्तीलाच करावे लागते. त्यामुळे प्रश्न कसे विचारले जातात यावर तिची उपयुक्तता अवलंबून असते. 'तुम्ही गॅसवाले का?' असे विचारल्यास उत्तर आयतेच हाती जाते. त्याऐवजी आगंतुकालाच नाव, काम आणि कोणाकडे आलो हे सांगू देणे अधिक सुरक्षित असते. घरात एकटे असल्याचे किंवा कुटुंबीय कधी परतणार हे इंटरकॉमवर सांगू नये, असा सल्ला दिला जातो. सामाईक प्रवेशद्वार असलेल्या इमारतीत एकासाठी उघडलेल्या दारातून दुसरी व्यक्ती मागोमाग आत शिरण्याचा धोका असतो.

द्विमार्गी ध्वनी सुरक्षा यंत्रणा

या यंत्रणेत इशारा सुरू होताच भिंतीवरील संच देखरेख केंद्राशी आपोआप संपर्क साधतो. केंद्रातील कर्मचारी संचाच्या स्पीकरवरून घरातील व्यक्तीशी बोलतो आणि आधी ठरलेला संकेतशब्द विचारतो. संकेतशब्द बरोबर असल्यास इशारा रद्द होतो. तो चुकल्यास, उत्तर न आल्यास किंवा झटापटीचे आवाज ऐकू आल्यास पोलिसांना कळवले जाते. अनेक यंत्रणांत दडपणाखाली वापरण्यासाठी वेगळा संकेतशब्द किंवा क्रमांक ठेवता येतो. तो वापरल्यास इशारा रद्द झाल्यासारखे भासते, पण मदत पाठवली जाते. म्हणून दोन्ही संकेत घरातील सर्वांना माहीत असणे आवश्यक असते.

या पद्धतीची गरज खोट्या इशाऱ्यांमुळे निर्माण झाली. अमेरिकेच्या न्याय विभागाने पोलिसांसाठी प्रसिद्ध केलेल्या एका मार्गदर्शिकेनुसार त्या देशात पोलिसांकडे येणारे घरफोडीचे ९४ ते ९८ टक्के इशारे खोटे असतात. उघडी राहिलेली खिडकी, पाळीव प्राणी किंवा चुकीचा क्रमांक ही त्यांची नेहमीची कारणे होत. सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० च्या अखेरीस प्रत्यक्ष पडताळणी झाल्याशिवाय घरफोडीच्या इशाऱ्यावर पोलीस न पाठवण्याचा नियम केला.

ज्येष्ठ नागरिकांसाठी याच तत्त्वावरील गळ्यात किंवा मनगटावर बांधण्याची कळ उपलब्ध असते. पडल्यानंतर दूरध्वनीपर्यंत पोहोचता येत नसल्यास ती दाबून मदत मागता येते. ही कळ स्नानगृहातही जवळ ठेवणे आवश्यक असते, कारण घसरून पडण्याचा धोका तेथे मोठा असतो.

भारतातील वापर

मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या शहरांतील गृहनिर्माण संस्थांमध्ये प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकाची चौकी आणि सदनिका यांना ईपीएबीएक्सने जोडण्याची पद्धत रूढ आहे. सदनिकेचा क्रमांकच बहुधा तिचा इंटरकॉम क्रमांक असतो. सुरक्षारक्षक आगंतुकाची नोंदवहीत नोंद करतो, सदनिकेत विचारतो आणि मगच आत सोडतो. केंद्राला बॅटरीचा आधार असल्यास वीज गेल्यावरही हे साधे फोन चालू राहतात.

भ्रमणध्वनीवरील उपयोजनांनी (ॲप) या पद्धतीत बदल घडवला. बंगळूरु येथे २०१६ मध्ये सुरू झालेले मायगेट हे त्यांतील एक परिचित उदाहरण आहे. अशा उपयोजनांतून पाहुणे, सामान पोहोचवणारे आणि घरकामगार यांच्या प्रवेशाची संगणकीय नोंद होते. रहिवाशाला घरी नसतानाही परवानगी देता येते. मात्र भ्रमणध्वनी न वापरणाऱ्या वृद्धांसाठी भिंतीवरील इंटरकॉमची गरज कायम राहते. तातडीच्या मदतीसाठी भारतात ११२ हा सामाईक क्रमांक आहे. घरगुती इंटरकॉम त्याला आपोआप जोडलेला नसतो.

मर्यादा व गोपनीयता

आतला आवाज बाहेर नेणारा मार्ग बाहेरचा आवाजही आत आणू शकतो. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने मे २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या मालकीच्या रिंग या कंपनीवर ग्राहकांच्या खासगी चित्रफिती कर्मचाऱ्यांना पाहू दिल्याचा आणि खाती पुरेशी सुरक्षित न ठेवल्याचा आरोप केला. घुसखोरांनी कॅमेऱ्यातील द्विमार्गी ध्वनीचा वापर करून मुलांना व वृद्धांना धमकावल्याचेही आयोगाने म्हटले. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. इंटरनेटशी जोडलेल्या संचासाठी स्वतंत्र, अवघड परवलीचा शब्द आणि दुहेरी पडताळणी यामुळे हा धोका कमी होतो.

शेजाऱ्यांच्या हक्कांचा प्रश्नही न्यायालयांसमोर आला आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील काउंटी न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रकरणात अशा उपकरणांची ध्वनी टिपण्याची कक्षा चित्राच्या कक्षेपेक्षा बरीच मोठी असल्याचे नमूद केले आणि ती अवाजवी ठरवली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधून व्यक्तीने केवळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर वगळलेला आहे.

संपर्काचे जाळे बंद पडल्यास देखरेख केंद्रावर अवलंबून असलेली यंत्रणा निकामी होते. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी सेवा बंद झाल्या तेव्हा जुने इशारासंच बदलावे लागले. त्यामुळे बॅटरी, संपर्क आणि संकेतशब्द यांची ठरावीक काळाने चाचणी घेणे, तसेच चाचणीपूर्वी देखरेख केंद्राला कळवणे, हा या यंत्रणेच्या देखभालीचा आवश्यक भाग मानला जातो.

हे सुद्धा पहा

दूरध्वनी
सीसीटीव्ही
गृहनिर्माण सहकारी संस्था
गोपनीयतेचा अधिकार