कळफलकावरचे लाँचर

माउस रुळण्यापूर्वी वैयक्तिक संगणकावरचे बहुतेक प्रोग्राम नाव टाइप करूनच सुरू होत. १९८४ च्या मॅकिंटॉशने आयकॉन आणि मेनू सामान्य माणसापर्यंत नेले. शिकणे सोपे झाले; पण फोल्डर वाढले तशी हवी ती फाइल गाठायची वाट लांबत गेली. विंडोज ९५ मधल्या ‘रन’ चौकटीत नाव लिहिता येई, मात्र ते अचूक ठाऊक असावे लागे.

ही अडचण खऱ्या अर्थाने सोडवली ती ऑस्ट्रियातल्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट कंपनीच्या लाँचबारने, म्हणजे काही अक्षरे टाइप करून हवे ते उघडून देणाऱ्या लाँचरने. १९९० च्या दशकात नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टिमवर जन्मलेला हा प्रोग्राम पुढे मॅक ओएस एक्सवर आला. दोन-तीन अक्षरे दाबताच तो जुळणारी नावे दाखवी आणि केलेली निवड लक्षात ठेवून पुढच्या वेळी तीच वर आणी. लघुरूप माणसाने ठरवायचे आणि यंत्राने शिकायचे, ही कल्पना फार मोलाची होती.

२००३ मध्ये निकोलस जिटकॉफ यांच्या क्विकसिल्व्हर या मॅकवरच्या लाँचरने या कल्पनेला जणू व्याकरणच दिले: आधी वस्तू, मग क्रिया, लागल्यास तिसरे पद. फाइल निवडायची, ‘ईमेल करा’ म्हणायचे, माणूस निवडायचा. हात कळफलकावरून हलवायची गरजच नाही. असेच लाँचर इतरत्रही आले: विंडोजवर लाँची आणि लिनक्सवर ग्नोम डू. २००५ मध्ये ॲपलने स्पॉटलाइट आणि २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने स्टार्ट मेनूतला शोध ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बसवला. तरीही स्वतंत्र लाँचर मागे पडले नाहीत. २०१० मध्ये अल्फ्रेड आणि २०२० मध्ये रेकास्ट त्यांत सामील झाले.