फ्लॉपी, मोडी आणि उद्यमनगर

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी कागदपत्रं आहेत. मोडी येणारा माणूस समोर बसला की दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही वाचून दाखवतो. गंमत अशी, की १९९५ साली फ्लॉपीवर ठेवलेलं मराठी वाचणं त्याहून अवघड होऊन बसलंय!

नव्वदच्या दशकात आपली छपाई खिळ्यांवरून संगणकावर आली. गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, सगळं साडेतीन इंची फ्लॉपीवर. जे छापलं गेलं ते उरलं. जे छापायचं राहिलं ते अजून त्या चकतीवरच आहे. सोनीने २०११ च्या मार्चमध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. आता जुने ड्राइव्ह आहेत तेवढेच.

यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे आणि घरी करता येतो. फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळाकार पट्टे, पट्ट्यात १८ खण, खणात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट, म्हणजेच आपली १.४४ एमबी. बाजारातला यूएसबी ड्राइव्ह एखादा खण नीट वाचता आला नाही की सरळ हात वर करतो. घरगुती यंत्र वेगळं वागतं. जुना ड्राइव्ह ३४ तारांच्या पट्टीने काहीशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडायचा. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते. बोर्ड अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही, फक्त चुंबकीय बदलांमधलं अंतर टिपतो: २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद. एका फेरीत निसटलं ते दुसरीत सापडतं. अर्थ मागाहून, सवडीने लावायचा. मोडीचंही असंच असतं ना? आधी कागदाची प्रत, मग लिप्यंतर. कीअर फ्रेझर यांनी २०१९ मध्ये 'ग्रीझवीझल' नावाने असा आराखडा सर्वांसाठी खुला केला. एकच पथ्य: बुरशी आलेली फ्लॉपी तशीच आत घालायची नाही, नाहीतर ती स्वतःही जाते आणि ड्राइव्हचं हेडही खराब करते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे विसरून चालणार नाही.

एवढं करूनही पडद्यावर अगम्य चिन्हं दिसतात, कारण श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक पद्धतीचे अक्षरांचे क्रमांक वेगळे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच आली, पण दुकानांत ती पोचायला बराच काळ गेला. तिथे जुना डीटीपीवालाच उपयोगी पडतो, मोडी वाचकासारखा.

यंत्र नसेल तर ते बनवायचं, ही कोल्हापूरची जुनी खोड. उद्यमनगरात ती रोज दिसते. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सहकाऱ्यांना घेऊन चित्रपटाचा कॅमेरा इथेच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' आणला. कॅमेऱ्याची कीर्ती उरली, 'सैरंध्री' मात्र आज पाहायला मिळत नाही. यंत्र बनवणं आपल्याला जमतं, वेळेत प्रत काढणं राहून जातं.

असो. नातेवाईक मंडळींनो, माळ्यावर फ्लॉपीचे डबे असतील तर भंगारात देऊ नका. आणि कोणाला जुन्या फाँटचे क्रमांक अजून आठवत असतील, तर ते आधी लिहून ठेवा.