हजेरीचा सवाल, झेरॉक्सचा जबाब

२००४ च्या सप्टेंबरात अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आठ आठवड्यांवर आली होती आणि प्रचार मात्र तीस वर्षं मागे, व्हिएतनाममध्ये अडकला होता. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरींच्या शौर्यपदकांवर संशय घेणाऱ्या जाहिराती ऑगस्टभर चालल्या होत्या. आता पाळी अध्यक्ष जॉर्ज बुश यांची होती. २७ मे १९६८ ला ते टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये दाखल झाले आणि एफ-१०२ विमान चालवायला शिकले. एप्रिल १९७२ नंतर त्यांनी गार्डचं विमान उडवलं नाही. एका उमेदवाराच्या प्रचारासाठी ते अलाबामाला गेले. त्या काळातली त्यांची ड्युटी कुठे आणि किती झाली, याचा नीट ताळमेळ लागत नव्हता. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देण्याच्या घाईत सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीचं काय झालं, त्याचा हा घटनाक्रम. वेळा न्यूयॉर्कच्या.

गुरुवार, २ सप्टेंबर : प्रसारणाला सहा दिवस बाकी

निर्माती मेरी मेप्स हिच्या हाती टेक्सासमध्ये दोन कागद पडतात. अबू घरीब तुरुंगातल्या छळाची बातमी त्याच वर्षी बाहेर काढणाऱ्या चमूतली ही निर्माती, तिच्या शब्दाला वजन आहे. कागद देणारे बिल बर्केट हे गार्डमधून निवृत्त झालेले लेफ्टनंट कर्नल आणि बुश यांचे जुने टीकाकार आहेत. कागदांवर बुश यांचे तेव्हाचे वरिष्ठ जेरी किलियन यांचं नाव आहे. किलियन १९८४ मध्येच वारले. हातात आहेत त्या प्रतींच्या प्रती, मूळ कागद कोणीच पाहिलेला नाही.

रविवार, ५ सप्टेंबर : तीन दिवस

आणखी चार कागद येतात. बर्केट यांनी ते गार्डमधल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळाल्याचं सांगितलं आहे, पण त्या सहकाऱ्यापर्यंत सीबीएसचं कोणी पोचत नाही. प्रती तपासायला चार तज्ज्ञ नेमलेत. त्यांतल्या एमिली विल यांना सहीत आणि टंकलेखनात खटकणाऱ्या गोष्टी दिसतात. त्या तसं कळवतात.

सोमवार, ६ सप्टेंबर : दोन दिवस

सुट्टीचा दिवस आहे, तरी काम चालू. तज्ज्ञ मार्सेल मॅटली यांची मुलाखत सीबीएसचे वृत्तनिवेदक डॅन रादर घेतात. मॅटली सहीबद्दल बोलतात. पण झेरॉक्सवरून शाईचं आणि कागदाचं वय कळत नाही, त्यामुळे संपूर्ण कागद अस्सल असल्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

मेप्स किलियन यांचे वरिष्ठ, निवृत्त मेजर जनरल बॉबी हॉजेस यांना फोनवर मजकूर वाचून दाखवते. त्यांच्या बोलण्यातून तिला दुजोरा मिळाल्यासारखं वाटतं. कागद त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलेच नाहीत.

मंगळवार, ७ सप्टेंबर : एक दिवस

विल पुन्हा बजावतात. बुधवारी हे दाखवलंत, तर गुरुवारी देशभरचे तज्ज्ञ मी विचारते तेच विचारतील. लिंडा जेम्स यांनाही शंका आहेत. चारांपैकी दोघींचा इशारा वर पोचेपर्यंत सौम्य होत जातो. त्याच दिवशी असोसिएटेड प्रेसने लावलेल्या दाव्यामुळे बुश यांच्या उड्डाणांच्या नोंदी सरकार बाहेर काढतं. प्रतिस्पर्धी मागे लागलेत, थांबायला कोणी तयार नाही.

बुधवार, ८ सप्टेंबर, सकाळी ११ च्या सुमारास : नऊ तास

व्हाइट हाउसमध्ये बुश यांच्या वतीने बोलणारे डॅन बार्टलेट यांची मुलाखत होते. मृत माणसाच्या मनातलं कोण सांगणार, असा त्यांचा सूर आहे. कागद बनावट आहेत, असं मात्र ते म्हणत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये त्याचा अर्थ लावला जातो की व्हाइट हाउसला कागद मान्य आहेत. खरं तर बार्टलेट यांच्या हाती सीबीएसनेच पाठवलेल्या प्रती आहेत. ही सरळसरळ उंदराला मांजर साक्ष. सहीवाला सहीपुरतं बोलतो, जनरल ऐकीव मजकुरापुरतं, प्रवक्ता राजकारणापुरतं. तीन अर्धवट साक्षी जोडून एक पूर्ण पुरावा उभा राहतो.

रात्री ८.०० : शून्य

‘सिक्स्टी मिनिट्स वेन्सडे’ सुरू होतं. टेक्सासचे माजी सभापती बेन बार्न्स सांगतात की बुश यांना गार्डमध्ये घेण्यासाठी आपण शब्द टाकला होता. हा वशिल्याचा भाग माणूस कॅमेऱ्यासमोर बसून सांगतोय. मग सहापैकी चार कागद दिसतात. एकात वैद्यकीय तपासणीचा आदेश, एकात उड्डाणबंदी, एकात बुश यांचं मूल्यमापन गोड करून लिहिण्यासाठी वरून आलेला दबाव.

रात्री ८.१९

कार्यक्रम संपलेलाही नाही. इंटरनेटवर एक जण लिहितो की आमच्या वेळी वायुदलात टिपणं अशी लिहीत नसत.

रात्री ११.५९

दुसरा एक जण थेट अक्षरांवर बोट ठेवतो. १९७२ च्या कचेरीतल्या साध्या टाइपरायटरवर ‘आय’ला जितकी जागा, तितकीच ‘एम’ला. इथे अक्षरं आपापल्या रुंदीप्रमाणे बसली आहेत. तसं करणारी यंत्रं तेव्हाही होती, पण महाग आणि मोजक्या ठिकाणी.

गुरुवार, ९ सप्टेंबर : पहिले चोवीस तास

सकाळी कोणीतरी तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, एकही सेटिंग न बदलता टाइप करतो. ओळी त्याच जागी तुटतात. आकड्याच्या डोक्यावर चढलेलं बारीक ‘टीएच’सुद्धा जुळतं. तारखेतही घोळ निघतो. ऑगस्ट १९७३ च्या टिपणात दबाव आणणारे म्हणून ज्या कर्नल स्टॉट यांचं नाव आहे, ते १९७२ च्या मार्चमध्येच निवृत्त झाले होते. किलियन यांचे कुटुंबीयही शंका घेतात. विल यांनी सांगितलेला गुरुवार तो हाच.

त्यानंतर

शुक्रवारी रादर बातम्यांत कागदांची पाठराखण करतात. प्रती पाहिल्यावर हॉजेस यांचं मत उलटतं. १५ तारखेला किलियन यांच्या काळातली ८६ वर्षांची टंकलेखिका सांगते की हे कागद मी टाइप केलेले नाहीत, पण त्यांतलं म्हणणं किलियन यांचंच वाटतं. बर्केट कागद मिळाल्याची गोष्ट बदलतात. २० सप्टेंबरला सीबीएस कबूल करतं की कागद अस्सल असल्याचं सिद्ध करता येत नाही आणि रादर माफी मागतात.

१० जानेवारी २००५ ला २२४ पानांचा चौकशी अहवाल येतो. कागद बनावटच आहेत, असा अंतिम निष्कर्ष तो काढत नाही. तो ठपका ठेवतो घाईवर आणि शहानिशेच्या अभावावर. मेप्सची नोकरी जाते, आणखी तिघांकडे राजीनामे मागितले जातात. मार्चमध्ये रादर २४ वर्षांची संध्याकाळच्या बातम्यांची खुर्ची सोडतात.

या सगळ्यात एक गोष्ट झाकली गेली. वैद्यकीय तपासणी न केल्यामुळे १ ऑगस्ट १९७२ पासून बुश यांचं उड्डाण थांबवलं गेलं, हे सांगायला त्या टिपणांची गरजच नव्हती. तसा आदेश गार्डच्या अस्सल दप्तरात होता आणि आधीच जाहीर झालेला होता. वशिल्याला बार्न्स साक्षीदार होते. प्रसारणाच्या दिवशीच ‘बोस्टन ग्लोब’ने निव्वळ सरकारी नोंदी तपासून बुश ड्युटीत कमी पडल्याचं छापलं होतं. ती बातमी कोणाला खोडता आली नाही, पण ती वाचायला कोणाला वेळही उरला नाही. पुढचे दोन आठवडे देश फॉन्टवर वाद घालत होता. २ नोव्हेंबरला बुश पुन्हा निवडून आले. तोवर हजेरीबद्दल विचारणाऱ्याला आधी झेरॉक्सचा हिशेब द्यावा लागत होता.