खोगीर आणि त्याची भरती

लेखात पाने वाढवण्यासाठी घातलेल्या मजकुराला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. या शब्दातली हेटाळणी इतकी रुळली आहे की मूळ वस्तू विसरली गेली. मराठी घोडदळात मात्र त्या भरतीवर घोड्याची पाठ आणि स्वाराची भाकरी, दोन्ही अवलंबून होती.

शब्द फारसीतून आला. ‘खोय’ म्हणजे घाम. घाम टिपून घेणारे ते खोगीर. ‘बारगीर’ची घडण तशीच. बार म्हणजे ओझे. फारसीत ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी असलेला हा शब्द आपल्याकडे सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला लागला.

जीन आणि खोगीर यांच्या बांधणीत महत्त्वाचा फरक आहे. लाकडी सांगाड्याच्या जिनात स्वाराचे वजन कण्याच्या दोन्ही अंगांना वाटले जाते आणि कणा मोकळा राहतो. खोगीर म्हणजे जाड गादी. तिला सांगाडा नसल्याने हे सारे काम भरतीलाच करावे लागते. भरती एका जागी गोळा झाली किंवा घामाने कडक झाली, की भार तिथेच येतो, कातडी सोलवटते, जखम चिघळते. तंग कितीही आवळला तरी त्यावर उपाय नाही.

मग असे खोगीर का वापरायचे? ते हलके, स्वस्त आणि वाटेत दुरुस्त होणारे होते. मराठा स्वाराचा सरंजामच आटोपशीर असे. एल्फिन्स्टनने आपल्या इतिहासात जिनाऐवजी गादी, तिच्यावर दुमडलेली काळी घोंगडी आणि मुक्कामी जमिनीत रोवलेला भाला यांचे वर्णन केले आहे. दिवसा बैठकीला असलेली घोंगडीच रात्री पांघरूण होई.

सभासद बखरीनुसार 25 बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी. म्हणजे खूर आणि पाणी यांची सोय पागेच्या रचनेतच होती. शिलेदाराचे घोडे, हत्यार, सामान सारे स्वतःचे. घोड्याची पाठ गेली की त्याची रोजी बुडे. त्यामुळे मुक्कामावर खोगीर उतरवून वाळवणे, चाचपणे, भरती सारखी करणे हा त्याच्या दृष्टीने भांडवल राखण्याचा भाग होता.

ही शिलेदारी पुढे इंग्रजांनीही उचलली. हिंदुस्थानी घोडदळाच्या अनेक पलटणींत स्वार घोडे आणि खोगीर-सामान स्वखर्चाने आणत किंवा त्यासाठी ठेव भरत. पहिल्या महायुद्धात एवढी जनावरे मेली की स्वाराच्या ऐपतीवर उभी असलेली ही व्यवस्था कोलमडली. 1921च्या सुमारास ती बंद झाली.

भरतीत चिंध्या, जुनेर, गवत काहीही कोंबता येई आणि बाहेरून ते दिसत नसे. म्हणून भाषेने तिला नावे ठेवली. आत काय कोंबले आहे, एवढेच भाषेने पाहिले. त्याने काय तोलून धरले, हे घोड्याच्या पाठीला माहीत होते.