१८१२ चं युद्ध जिंकलं कोण?

अमेरिकेत आई-वडील आले, की नायगाऱ्याची फेरी ठरलेली. तुम्हीही केली असेल: प्लॅस्टिकचा रेनकोट, बोट, भिजलेले फोटो. या खेपेला मिसिसागाहून माझी बहीणही यायची होती, म्हणून आम्ही पलीकडे, कॅनडाच्या बाजूला जमलो. (बाबांचा कॅनडाचा व्हिसा कसा मिळाला, हा वेगळ्या लेखाचा विषय.) धबधब्यापासून नदीच्या काठाने उत्तरेला दहा-बारा किलोमीटर गेलं की क्वीन्स्टन हाइट्स नावाची टेकडी लागते. झाडं, हिरवळ, बाकं. तिथे डबे उघडले. समोर एक प्रचंड दगडी स्तंभ आणि त्याच्या टोकावर एक पुतळा.

"हा कोण रे?" बाबांनी भाच्याला विचारलं.

"जनरल ब्रॉक. अमेरिकेनं आमच्यावर हल्ला केला होता. आम्ही त्यांना परत पाठवलं."

"काहीही! ते वॉर आम्ही जिंकलो," न्यू जर्सीच्या शाळेत शिकलेली माझी मुलगी म्हणाली. "आमचं राष्ट्रगीत त्याच वॉरमधलं आहे."

थालीपीठ खात दोन मराठी मुलं 'आम्ही' आणि 'तुम्ही' करत भांडत होती. मौज वाटली, आणि थोडं चमत्कारिकही. घरी आल्यावर मी वाचायला बसले. आता तुम्हीच बघा, निवाडा करता येतो का.

युद्धाचं कारण समुद्रावरचं होतं. ब्रिटन नेपोलियनशी झुंजत होतं, आरमाराला माणसं कमी पडत होती. ब्रिटिश युद्धनौका अमेरिकन जहाजं अडवत आणि 'हे आमचेच पळालेले खलाशी' म्हणून माणसं उचलून नेत. शिवाय फ्रान्सशी व्यापार करू नये म्हणून निर्बंध घातलेले. १८ जून १८१२ रोजी अमेरिकेनं युद्ध पुकारलं. गंमत अशी, की त्याच आठवड्यात लंडनमध्ये ते निर्बंध मागे घेतले जात होते. पण अटलांटिक ओलांडून बातमी यायला कित्येक आठवडे लागत. ब्रिटनला जमिनीवर गाठायचं तर जवळची जागा एकच, कॅनडा. तो घेणं म्हणजे नुसतं चालत जाण्याचं काम, असं जेफरसनसारख्या शहाण्या माणसालाही वाटत होतं.

चालत जाणं जमलं नाही. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच अमेरिकेच्या हातून गेलं. १३ ऑक्टोबरला अमेरिकन सैन्य नायगारा नदी ओलांडून आम्ही डबे खाल्ले त्या टेकडीवर चढलं. ब्रॉक सकाळीच गोळी लागून पडला, म्हणजे भाच्याचा नायक ती लढाई संपेपर्यंत जगलाच नाही. टेकडीवरच्या अमेरिकनांना कुमक हवी होती आणि पलीकडच्या काठावर न्यूयॉर्कचे मिलिशियावाले शेकड्यांनी उभे होते. पण आम्ही आमच्या राज्याच्या रक्षणासाठी आहोत, परदेशात लढायला आम्हाला कुणी नेऊ शकत नाही, असा कायदा सांगून त्यांतल्या बहुतेकांनी नदी ओलांडायला नकार दिला. नऊशेच्या वर अमेरिकन कैद झाले. तेव्हा भाच्याचं म्हणणं असं: त्यांना आमचा देश घ्यायचा होता, मिळाला नाही, आम्ही जिंकलो. हे खोडायला कठीण आहे.

मुलीची बाजूही लंगडी नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराच्या फ्रिगेटी अमेरिकेनं समोरासमोरच्या लढाईत हरवल्या. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टनमध्ये शिरून राष्ट्राध्यक्षांचा वाडा जाळला खरा, पण तीन आठवड्यांत बाल्टिमोरला त्यांना माघार घ्यावी लागली. तिथल्या किल्ल्यावर सकाळी फडकत राहिलेला झेंडा पाहून फ्रान्सिस स्कॉट की यानं ती कविता लिहिली. आणि ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सपाशी अँड्र्यू जॅक्सननं ब्रिटिशांची दोन हजारांवर माणसं मारली, जखमी केली किंवा पकडली. त्याचं नुकसान त्या मानानं किरकोळ.

फक्त तह त्याआधी पंधरा दिवस झाला होता. २४ डिसेंबर १८१४, बेल्जियममधलं गेंट. पुन्हा तीच संथ टपाल. अमेरिकेत विजयाची बातमी आधी आली आणि तहाची तिच्या पाठोपाठ, त्यामुळे जिंकलो म्हणून शत्रू शरण आला, असं लोकांना वाटलं तर नवल नाही. प्रत्यक्षात तहाचं सार एवढंच होतं, की युद्धापूर्वी ज्याचं जे होतं ते त्याला परत. ज्या खलाशांवरून भांडण सुरू झालं, त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. नेपोलियन हरल्यामुळे त्यांना उचलून नेण्याची गरजच उरली नव्हती.

आणि खुद्द ब्रिटिश? त्यांना हे युद्ध फारसं आठवतही नाही. त्यांच्या लेखी ती एका मोठ्या धंद्याची लहान शाखा होती. माणसं एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बदलून जात. तह लांबला तेव्हा मंत्रिमंडळानं अमेरिकेच्या मोहिमेसाठी वेलिंग्टनला विचारलं. तो म्हणाला, सरोवरांवर ताबा नसताना मी जाऊन काय करू, आणि युद्धाची स्थिती पाहता मुलूख मागायचा तुम्हाला हक्क नाही. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली.

दुसरं नाव मला अनपेक्षितपणे सापडलं. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन फ्रिगेटनं 'जावा' ही ब्रिटिश फ्रिगेट हरवली. 'जावा' हिंदुस्थानकडे निघाली होती. तिच्यात मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे होते आणि मुंबईला मोठ्या हुद्द्यावर निघालेला सर थॉमस हिस्लॉप होता. अमेरिकनांनी 'जावा' जाळली, हिस्लॉपला पुन्हा न लढण्याच्या बोलीवर सोडलं. ही बोली अर्थातच अमेरिकेपुरती. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती हाच. दोन महिन्यांनी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यात त्यानं शिबंदीची कत्तल होऊ दिली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. त्यावर ब्रिटिश पार्लमेंटमध्येसुद्धा प्रश्न विचारले गेले.

माझे बाबा शिरपूरचे. थाळनेर त्याच तालुक्यात. फोनवर हे सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे अमेरिकनांनी त्याला सोडायला नको होतं."

निकाल मात्र मला अजून लागलेला वाटत नाही, कारण वाद घालणाऱ्या तिघांत चौथ्याचं नाव येतच नाही. शाळेत आपण ज्यांना रेड इंडियन म्हणायला शिकलो, ते लोक या युद्धात सगळीकडे होते. डेट्रॉइट पडलं त्यात टेकम्सेहचे योद्धे होते. तो ऑक्टोबर १८१३ मध्ये टेम्स नदीच्या लढाईत मारला गेला आणि अनेक जमातींना एकत्र बांधण्याचा त्याचा प्रयत्न तिथेच संपला. दक्षिणेत जॅक्सननं क्रीक लोकांचा पराभव करून ऑगस्ट १८१४ मध्ये त्यांच्याकडून दोन कोटी एकरांहून जास्त जमीन लिहून घेतली. त्याच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही त्यात गेली. गेंटला ब्रिटिशांनी सुरुवातीला या लोकांसाठी स्वतंत्र मुलूख मागितला होता. अमेरिकन अडून बसले, ब्रिटिशांनी मागणी सोडली. तहात नववं कलम तेवढं राहिलं, की १८११ साली त्यांचं जे होतं ते त्यांना परत द्यावं. ते कुणी पाळलं नाही, आणि पाळायला लावायला कुणी आलं नाही. जॅक्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८३० च्या कायद्यानं उरलेल्यांनाही मिसिसिपीपलीकडे घालवायची सोय झाली.

मुलांना हे सांगितल्यावर भाच्याचा मेसेज आला: "मावशी, तिथे त्यांचंही मेमोरियल आहे, आपण बघितलंच नाही." खरं होतं. क्वीन्स्टन हाइट्सवरच, २०१६ साली उभारलेलं. त्या दिवशी कुमक येईपर्यंत अमेरिकनांना टेकडीवर रोखून धरणारे ग्रँड रिव्हरचे योद्धे आणि त्यांचे पुढारी जॉन नॉर्टन आणि जॉन ब्रँट, यांचे पुतळे प्रवेशाशीच आहेत. ब्रॉकचा स्तंभ छप्पन्न मीटर उंच, हे पुतळे माणसांच्या उंचीच्या आसपासचे. आम्ही डबे गाडीत ठेवत होतो आणि पार्किंगवरून बाबांची आणि मुलांची वादावादी चालली होती.

उन्हाळ्यात पुन्हा जाणार आहोत. बाबा म्हणतात, व्हिसा अजून शिल्लक आहे.