हंगामी श्रमस्थलांतर व बेकारीची मोजदाद : नांदेड–लातूर

कामाच्या शोधार्थ श्रमिक काही काळ गाव सोडतात, तेव्हा मूळ प्रदेशातील बेकारी नाहीशी न होता आकडेवारीतून मात्र लुप्त होते. समजा, एखाद्या गावी १०० श्रमिकांपैकी २० बेकार आहेत. त्यांतील १५ परगावी गेल्यास बेकारीचे प्रमाण २० टक्क्यांवरून सु. ६ टक्क्यांवर येते. गावात रोजगार मात्र वाढलेला नसतो.

मराठवाड्यातील नांदेड व लातूर (ऑगस्ट १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून निर्मिती) हे जिल्हे याचे ठळक उदाहरण होत. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या कोरडवाहू तालुक्यांतील मजूर दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडणीस जातात व उन्हाळ्यात परततात. काही मजूर हैदराबाद, पुणे येथील बांधकामांवर जातात.

१९७० मध्ये दांतवाला समितीने बेकारीचा एकच ठोकळ आकडा देण्यास विरोध केला. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीत (१९७२–७३) नेहमीची, साप्ताहिक व दैनिक स्थिती अशी निरनिराळी मापे वापरण्यात आली. महाराष्ट्रात तोच काळ भीषण दुष्काळाचा होता.

तथापि मापे सुधारूनही पेच उरला. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असणारा मजूर मूळ कुटुंबातच गणला जातो. पण सारे कुटुंबच गेले, तर बंद घरातून माहिती मिळत नाही आणि उसाच्या फडावरील खोपीत तो सामान्यतः रहिवासी ठरत नाही. १९८१ ते २०११ या काळातील जनगणना तर ऐन गळीत हंगामात, फेब्रुवारीत झाल्या. शिवाय पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरण्याच्या प्रथेमुळे स्त्रीचे श्रम हिशेबात वेगळे दिसत नाहीत. सेवायोजन कार्यालयांच्या नोंदींत उलट दोष आढळतो : शहरात काम मिळालेल्याचे नाव जिल्ह्याच्या यादीत राहू शकते, तर अशिक्षित शेतमजूर क्वचितच नाव नोंदवितो.

याचा परिणाम केवळ सांख्यिकीय नाही. १९७७ च्या कायद्यान्वये महाराष्ट्राने ग्रामीण भागात रोजगाराची हमी दिली. कामाच्या मागणीवरून गरज ठरविल्यास, उचल फेडण्यासाठी आधीच गाव सोडलेल्यांची गरज नोंदली जात नाही. मागणी कमी म्हणून कामे कमी निघतात आणि कामे नाहीत म्हणून पुढील वर्षी आणखी टोळ्या बाहेर पडतात. म्हणून अशा जिल्ह्यांत बेकारीचा दर हंगामवार, तसेच स्थलांतरितांच्या संख्येसह वाचणे आवश्यक ठरते.