पातळ थरावरील वर्णलेखन आणि त्यातील काही नामे

‘वर्णलेखन’ अथवा क्रोमॅटोग्राफी ही संज्ञा आज ज्या विश्लेषणपद्धतीस लावली जाते, तीत वर्ण बहुधा नसतोच. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत याने १९०६ मध्ये ही संज्ञा योजिली, तेव्हा त्याच्यापुढे पानांतील रंगद्रव्ये होती. खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून अर्क झिरपू लागला की हिरवे-पिवळे पट्टे विलग होत. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजेच रंग. तेव्हा या संज्ञेत श्लेष शोधण्याचा मोह अभ्यासकांस झाला, यात नवल नाही. परंतु रंगहीन पदार्थही याच नियमाने विलग होतील, हे त्याने त्याच वर्षी नमूद करून ठेविले होते.

नळीऐवजी काचेवर पसरलेला पातळ थर वापरण्याची कल्पना १९३८ मधील. खारकोव्ह येथील इझमाइलोव्ह व श्राइबर यांना औषधी वनस्पतींच्या अर्कांची परीक्षा त्वरेने करावयाची होती. त्यांनी काचपट्टीवर ॲल्युमिनासारख्या भुकटीचा थर दिला, त्यावर अर्काचा एक थेंब व मागाहून विद्रावकाचे थेंब सोडले. थोड्याच वेळात एकाभोवती एक अशी वर्तुळे उमटली. हे संशोधन सुमारे वीस वर्षे दुर्लक्षित राहिले. त्याचा दोष रशियन भाषेच्या माथी मारण्याची प्रथा आहे. पण ते कारण पुरेसे वाटत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत कर्चनर व त्याच्या सहकाऱ्यांनी सुगंधी तेलांतील टर्पिनांसाठी अशाच पट्ट्या वापरल्या आणि ते इंग्रजीतून प्रसिद्धही केले; तरीही पद्धत रुळली नाही. खरी अडचण थराचीच होती. भुकटीचे कण व थराची जाडी प्रयोगशाळेगणिक बदलत, त्यामुळे एकाचे निष्कर्ष दुसऱ्यास पडताळता येत नसत.

ती अडचण जर्मनीतील एगोन श्टाल याने दूर केली. १९५८ पासून ठराविक कणांची सिलिका आणि सारख्या जाडीचा थर देणारे उपकरण बाजारात मिळू लागले. त्या भुकटीच्या नावातील ‘जी’ हे अक्षर ‘गिप्स’ या जर्मन शब्दाचे, म्हणजे थर काचेस घट्ट धरून ठेवणाऱ्या जिप्समचे. अशा थरावर तीव्र गंधकाम्लही फवारता येते आणि रंगहीन द्रव्यांचे डाग करपून दिसू लागतात. कागदावरील वर्णलेखनात हे शक्य नव्हते. तेथे कागदच जळून जाई.

या पद्धतीची कसोटी लवकरच लागली. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. संशय त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर गेला. पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली. तिच्याच नावातील अक्षरे घेऊन विषास ‘ॲफ्लाटॉक्सिन’ म्हणू लागले. परंतु विष एक नव्हते. थरावर ते विलग करून जंबुपार किरणांखाली धरले असता काही डाग निळे चमकले, तर काही हिरवे. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून निळ्यांस ‘बी’ व हिरव्यांस ‘जी’ म्हटले गेले (या ‘जी’चा श्टालच्या ‘जी’शी संबंध नाही), आणि थरावर जो अधिक वर चढला तो १, मागे राहिला तो २. अशी चार द्रव्ये १९६३ पर्यंत निश्चित झाली. त्यांपैकी बी-१ हे सर्वांत घातक असून ते यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होते. आज धान्यातील त्याचे प्रमाण बहुधा अन्य यंत्रांनी मोजले जाते. नाव मात्र थरावरील डागाच्या रंगाचे आणि स्थानाचेच आहे.